नाइट शिफ्ट, दहावीतली मुलगी आणि पुण्याचे कोच: अ‍ॅपमधल्या लाल चौकोनांचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: "वय ४१. बडोद्यात मांजलपूरला राहतो, नंदेसरीच्या एका केमिकल प्लांटमध्ये नोकरी. शिफ्ट दर आठवड्याला बदलते: फर्स्ट, सेकंड, नाइट. बायको शाळेत शिकवते, मुलगी दहावीत, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. नोव्हेंबरमधल्या गोव्याच्या हाफ आयर्नमॅनसाठी (पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग शर्यत) पुण्याचे ऑनलाइन कोच लावलेत. ते दर रविवारी आठवड्याचं वेळापत्रक पाठवतात. त्यातले तीन-चार वर्कआउट दर वेळी राहतात आणि अ‍ॅपमध्ये लाल दिसतात. कोचना सांगायची लाज वाटते. दोनदा तर न केलेला वर्कआउट केला म्हणून टाकला. पैसे वाया घालवतोय का? कोच बदलू, की शर्यतच पुढच्या वर्षावर टाकू?"

आधी त्या दोन नोंदी. आज रात्री अ‍ॅप उघडून त्या काढून टाका आणि कोचना तसं कळवा. हे रागावून सांगत नाहीये. पण त्या दोन हिरव्या चौकोनांवर विसंबून त्यांनी तुमचा पुढचा भार ठरवला असणार. म्हणजे जो माणूस तो व्यायाम करून आलाय, त्याचं वेळापत्रक तुमच्या हातात आलंय. मग त्यातलंही राहणार, आणखी लाल होणार, आणखी लाज वाटणार. तुमच्या पत्रातल्या बऱ्याच अडचणी इथूनच सुरू झालेल्या दिसतात.

दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात, म्हणजे आपल्या प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात, बडोद्याच्या मराठी घरांतली किती मुलं घडली. तिथे वस्ताद समोर उभे असायचे. पोरगा रात्री जागलाय हे त्याच्या डोळ्यांवरून कळायचं, आज दंड मारताना खांदा चोरतोय हे दिसायचं. तुमचे कोच पुण्यात आहेत. त्यांना तुमचा चेहरा दिसत नाही, चाल दिसत नाही. दिसतात ते घड्याळातून गेलेले आकडे आणि तुम्ही अ‍ॅपमधल्या शेऱ्यात जे लिहाल ते. तो शेरा रिकामा ठेवलात, तर कोच डोळ्यांवर पट्टी बांधून शिकवणार.

हे मी स्वतः भोगून शिकले आहे. गोव्याची पहिली हाफ आयर्नमॅन २० ऑक्टोबर २०१९ ला झाली, त्यात माझं नाव होतं. ऑगस्टमध्ये वडील इस्पितळात दाखल झाले. रात्री मी त्यांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत असायचे. पहाटे पाचला भाऊ येऊन बसला की तिथूनच बूट घालून पळायला जायचे. कोचना एका शब्दानं सांगितलं नाही. रोज शेऱ्यात "झालं, ठीक" एवढंच. घड्याळातला वेग चांगला येत होता, म्हणून त्यांनी पळण्याचा भार वाढवला. कोणीही वाढवला असता. सप्टेंबरच्या मध्यावर डाव्या नडगीत बोटभर जागा दुखायला लागली. दाबलं की डोळ्यांत पाणी यायचं. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भारानं हाडाला पडलेली बारीक चीर, निघालं आणि शर्यत गेली. कोचना फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "एकदा सांगितलं असतंत तर ऑगस्टमध्ये मी तुम्हाला फक्त पोहायला ठेवलं असतं." ते वाक्य मी विसरलेले नाही. आता मीही कोच आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या भेटीत मी आधी घर आणि नोकरीबद्दल विचारते, वेगाबद्दल नंतर.

आता तुमच्या शिफ्टकडे वळू, कारण खरी गाठ तिथे आहे. तुमचे कोच सोमवार ते रविवार असा आठवडा धरून वेळापत्रक करतात. दहा ते सहा ऑफिस करणाऱ्याला ते चालतं. तुमचं आयुष्य मात्र सात दिवसांच्या चक्रावर चालत नाही. ते एकवीस दिवसांच्या चक्रावर चालतं. मंगळवारी पहाटे साडेपाचला वेगाची पळापळी लिहिली असेल, तर सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ती होईल, फर्स्टमध्ये तेव्हा तुम्ही कंपनीच्या बसमध्ये असाल आणि नाइटमध्ये प्लांटवर. तीन-चार लाल चौकोन येतात ते आळसामुळे नव्हे. वेळापत्रकच दुसऱ्याच्या मापाचं आहे.

म्हणून कोचना सांगा की बेत तीन आठवड्यांच्या फेरीचा करा. एरवीही कोच दोन किंवा तीन आठवडे भार वाढवून एक आठवडा हलका देतात. शरीर व्यायाम चालू असताना घडत नाही, त्यानंतरच्या विश्रांतीत घडतं. तुमच्या नोकरीनं तो हलका आठवडा आधीच आखून ठेवलाय, नाइटचा. सेकंड शिफ्टचा आठवडा सगळ्यात मोठा करा, साधारण ९ तासांचा. रात्री अकराला घरी, बाराला झोप, सातला उठलात तरी दुपारी निघेपर्यंत सकाळ तुमची. लांब सायकलिंग, सायकलवरून उतरून लगेच पळण्याचा ब्रिक आणि जोराचे वर्कआउट याच आठवड्यात. फर्स्टचा आठवडा मधला, ७ तासांचा. तीनला घरी आलात की अर्धा तास आडवे व्हा, मग संध्याकाळी पोहणं किंवा पळणं. नाइटच्या आठवड्यात फक्त ४ तास, सगळे सावकाश: दोनदा पोहणं, एकदा ट्रेनरवर (घरात सायकल जागच्या जागी चालवायचं स्टँड) चाळीस मिनिटं, एकदा अर्धा तास हलकं पळणं, तेही दुपारची झोप झाल्यावर आणि शिफ्टला जाण्याआधी. तीन आठवड्यांचे मिळून २० तास झाले. वेळेत शर्यत पूर्ण करण्याचा पाया यावर घालता येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फेऱ्यांत थोडं वाढवावं लागेल.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. नाइट संपवून सकाळी परस्पर सायकल घेऊन रस्त्यावर जाऊ नका. "आता जागाच आहे तर हालोल रोडवर जाऊन येतो" असं म्हणणारे मी पाहिलेत. रात्रभर जागलेल्या माणसाला ट्रक दिसतो, पण ब्रेकवर बोटं उशिरा जातात. त्या सकाळी पडदे ओढून झोपायचं. झोप हाच त्या दिवसाचा वर्कआउट आहे आणि कोचना सांगून तो वेळापत्रकात लिहूनच घ्या.

राहिलेला वर्कआउट पुढच्या दिवशी भरून काढायचा नाही. बुधवारचं राहिलं म्हणून गुरुवारी दोन केले, की शनिवारच्या महत्त्वाच्या वर्कआउटला पाय उरत नाहीत. कोचना प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एकच विचारा: यातले कोणते तीन कसंही करून व्हायला हवेत? ते तीन ठरले की बाकीचे राहिले तरी जीव खालीवर होत नाही. हौशी माणसाच्या बाबतीत माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: एक लांब सायकल, एक लांब पळणं आणि एक नीट पोहणं.

शेरा कसा लिहायचा तेही सांगते. "झालं, थकलो" यातून काही कळत नाही. माझ्याकडच्या एकाचा गेल्या महिन्यातला शेरा त्याला विचारून इथे देते: "नाइटनंतर ४ तास झोप. ट्रेनरवर ४० मिनिटं ठरली होती, २८ ला थांबलो. दम नव्हता लागला, मांड्या जड. कष्ट १० पैकी ७ वाटले, एरवी याला ५ म्हणतो. उद्या आईला डॉक्टरकडे न्यायचंय, सकाळ गेली." लिहायला त्याला मिनिटभर लागलं असेल. मी दुसऱ्या दिवशीचं पळणं काढून टाकलं, शुक्रवारी पोहणं ठेवलं आणि शनिवारची लांब सायकल तशीच राहू दिली. २८ मिनिटांचा तो अर्धवट वर्कआउट माझ्या दृष्टीनं पूर्ण केलेल्या कितीतरी वर्कआउटपेक्षा उपयोगी होता. झोप किती, दहापैकी कष्ट किती, कुठे दुखतंय का आणि उद्या घरात काय आहे, या चार गोष्टी रोज लिहिल्यात तर पुण्यातला माणूस तुमच्या शेजारी उभा राहिल्यासारखा होतो.

बडोद्याचा उन्हाळाही त्यांना सांगावा लागेल. पुण्यात पहाटेचा गारवा मिळतो. आपल्याकडे मेमध्ये दिवसाचा पारा बेचाळीसला टेकतो आणि संध्याकाळी सहालाही रस्ता वाफ सोडतो. त्याच वेगाला नाडीचे ठोके मिनिटाला दहा-बारा जास्त पडतात. घाम गाळून शरीर स्वतःला थंड ठेवत असतं, रक्त त्वचेकडे वळतं आणि हृदयाला तेवढं जास्त पळावं लागतं. कोचना हे माहीत नसेल तर त्यांना वाटेल तुमचा दम कमी झालाय. शेऱ्यात वेळ आणि तापमान लिहा. एकदा पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांवर वजन करा. मध्ये काही न पिता तासात एक किलो उतरलं, तर ताशी एक लिटर घाम हे तुमचं गणित. मध्ये पाणी प्यायलात तर तेवढं त्यात मिळवा. हा आकडा कोचना द्या. गोव्यातली हवा दमट आहे, तिथे तो फार लागतो.

पोहण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त भीती तुम्हाला तिथली वाटत असणार. पूर्ण शर्यत १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं अशी आहे. मुदत पोहायला १ तास १० मिनिटं आणि सगळं मिळून साडेआठ तास. पोहण्याच्या मुदतीत यायला १०० मीटरला सरासरी ३ मिनिटं ४० सेकंद लागतात. तुम्ही कुठे आहात ते बघायला एक सोपी चाचणी आहे. अंग गरम झाल्यावर ४०० मीटर जमेल तेवढ्या नेटानं, मग नीट विश्रांती, मग २०० मीटर तसंच. दोन्ही वेळांची वजाबाकी करून निम्मी करा. समजा ४०० ला १० मिनिटं २० सेकंद लागले आणि २०० ला ४ मिनिटं ५०. फरक साडेपाच मिनिटं, निम्मे २ मिनिटं ४५ सेकंद. हा तुमचा १०० मीटरचा टिकाऊ वेग. या हिशेबानं १.९ किलोमीटर साधारण ५२ मिनिटांत होतात. समुद्रात लाटा आणि वाकडंतिकडं पोहणं धरून आणखी काही मिनिटं द्या, तरी मुदतीत आहात.

अडचण वेगळीच आहे. बडोद्याला उघडं पाणी नाही. विश्वामित्री नदीत मगरी, आजव्याच्या तलावात मगरी, तिथे उतरायचा विचारही नको. म्हणजे तुमचा सराव पूलच्या शांत पाण्यात, तळाची काळी रेघ बघत होणार आणि गोव्यात मिरामारच्या समुद्रात, जिथे शर्यत असते, रेघ नसेल. कोचना हे स्पष्ट सांगा आणि दर पोहण्यात दोनशे मीटर तरी "डोळे वर काढून" पोहणं मागून घ्या: दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे नुसते डोळे पाण्यावर काढायचे, समोरची एक खूण हेरायची, पुन्हा मान खाली. समुद्र तिथे उबदार असतो, वेटसूट (तरंगायला मदत करणारा रबरी पोशाख) चालत नाही, त्यामुळे त्याचा आधार धरू नका. आणि रजा टाकताना शर्यतीच्या आधीचे तीन दिवस गोव्यासाठी धरा, म्हणजे दोनदा तरी समुद्रात उतरता येईल. सायकलीसाठी चढही हवा. बडोदा सपाट आहे, गोवा नाही. फेरीत एकदा पावागडच्या मांचीपर्यंतचा रस्ता चढून या.

मग सणवार. कोच पुण्याचे असले तरी बडोद्याचं नवरात्र त्यांना ठाऊक असेलच असं नाही. आपल्याकडे नऊ रात्री मध्यरात्रीपर्यंत गरबा असतो आणि तुमच्या घरात दोघी खेळणाऱ्या असणार. तीन तास गरबा म्हणजे पोटऱ्यांना चांगलाच व्यायाम, तो भारात धरावाच लागतो. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि गोव्याची शर्यत २७ ला. माझ्याकडच्या एकीनं जूनमध्येच सांगितलं होतं, "मॅडम, मी सहा रात्री गरबा खेळणार आणि नऊ दिवस उपास करणार, हे सोडून काय ते बोला." मला फार आवडलं ते. तिचं सगळ्यात लांब पळणं आम्ही घटस्थापनेच्या आधी उरकलं, नवरात्रात पळणं जवळजवळ बंद केलं, आणि शर्यतीआधी हलकं व्हायचे दोन आठवडे तसेही होतेच. उपासाला साबुदाणा, रताळी, केळी, राजगिऱ्याची चिक्की यांतून पुरेशी ताकद मिळते, फक्त वेळ सांभाळावी लागते. ती साडेसात तासांच्या आत आली.

त्याच वर्षी ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आणखी एकाचा मेसेज आला. भिंतीवर कंबरेएवढ्या उंचीची चिखलाची रेघ, असा फोटो आणि खाली एक ओळ: "पाच दिवस विसरा." मी पाच दिवसांचे सगळे वर्कआउट पुसले. अ‍ॅप उघडल्यावर त्याला एकही लाल चौकोन दिसू नये म्हणून. घरातला चिखल उपसणारा माणूस काही आळशी नसतो. सहाव्या दिवशी त्यानं स्वतःहून विचारलं, "उद्या काय?" तुमच्या आईचं ऑपरेशन हेही तसंच आहे. ते कोचना कळायला हवं होतं, आणि ते सांगताना माफी मागायची काहीच गरज नाही.

घरच्यांशीही एकदा नीट बसा, कोचशी बोलण्याच्या आधी. फेरीचा कागद जेवणाच्या टेबलावर पसरा आणि पहिल्या नोंदी घरच्यांच्या करा: फिजिओथेरपिस्ट येतात त्या वेळा, मुलीचे क्लास आणि चाचण्या, बायकोला शाळेत लवकर जायचं ते दिवस, गौरी-गणपती, दिवाळी. उरलेल्या जागेत तुमचा व्यायाम. सायकलचे चार तास सकाळी सातला सुरू होऊन अकराला संपत असतील, तर आईला त्या वेळी कोण उठवून बसवणार हे आधी ठरलेलं हवं. बायकोला विचारा, तिला कोणती सकाळ पूर्ण मोकळी हवी आहे. ती सकाळ कोचना सांगून बंद करून टाका, त्या दिवशी तुम्ही चहा करा. दहावीतल्या मुलीला घरात अजून एकजण परीक्षेची तयारी करतोय याची गंमतही वाटेल, पण तिच्या अभ्यासाच्या वेळी ट्रेनरचा घरघराट शेजारच्या खोलीत नको. गच्ची किंवा पार्किंग बघा.

आता कोच बदलायचे का? अजून नाही. त्यांना तुमचा खरा आठवडा माहीतच नाही, तर त्यांची परीक्षा अजून झालेली नाही. शिफ्टचा तक्ता पाठवा, फेरी सुचवा आणि बघा. त्यांनी चार प्रश्न विचारले, आकडे हलवले, नाइटचा आठवडा मोकळा केला, तर माणूस चांगला आहे, धरून ठेवा. तक्ता दोनदा देऊनही नाइटच्या आठवड्यात पहाटेचे जोराचे वर्कआउट येत राहिले, किंवा "बाकीचे करतात मग तुम्हालाच काय होतं" असं उत्तर आलं, तर हात जोडून निरोप घ्या. तुम्ही पैसे देता ते तुमच्याकडे बघण्यासाठी. सगळ्यांना एकच पाठवायचं वेळापत्रक तर फुकटही मिळतं. आणि कोच डॉक्टर नाहीत. चाळिशी उलटली आहे, झोप तुटक आहे, तर जोराचे वर्कआउट वाढवण्याआधी एकदा हृदयाची तपासणी करून घ्या. छातीत दाब किंवा चक्कर आली तर शेरा लिहीत बसू नका, थेट डॉक्टरकडे.

शर्यत पुढे टाकण्याचा निर्णयही आज घेऊ नका. मे संपतोय, तुमच्या हातात साधारण २३ आठवडे आहेत. म्हणजे तीन-तीन आठवड्यांच्या सात फेऱ्या आणि शेवटचे दोन हलके आठवडे. पहिल्या दोन फेऱ्या खऱ्या नोंदींवर करा. जुलैच्या मध्याला तीन गोष्टी बघा: पोहण्याची चाचणी १०० मीटरला ३ मिनिटं १५ सेकंदांच्या आत आली का, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तीन तासांची सायकल दोनदा झाली का, आणि घरात कोणी तुमच्यामुळे थकलंय का. पहिल्या दोन जमल्या आणि तिसरी नसेल तर गोव्याला जा. तिसरी असेल, तर मुलीची दहावी पार पडेपर्यंत थांबा. शर्यत दर वर्षी येते, आणि जुलैपर्यंत केलेलं काही पाण्यात जात नाही.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत तुमची कोणती शिफ्ट येते ते मोजून बघा. नाइट येत असेल तर आत्ताच शिफ्ट इन्चार्जला भेटून अदलाबदल मागून ठेवा. दिवाळी कधी त्याआधी येते, कधी शर्यतीला अगदी खेटून, आणि तेव्हा सगळ्यांनाच सुट्टी हवी असते. मे महिन्यात मागितलेलं मिळतं. बदल्यात दिवाळीची एक नाइट तुम्ही घ्यायची तयारी दाखवा, पण ती शर्यतीनंतरची असली तरच.